ज्या शहराने तिला हायस्कूलात घेतलं नाही, त्याच शहराच्या सगळ्या शाळा पुढे तिच्या हाताखाली आल्या

बी.एड. झालेल्या कुणालाही विचारून बघा. कॉलेजात शिकवलेलं मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, अध्यापनाच्या पद्धती, हे सगळं पहिल्या नोकरीत साठ पोरांच्या वर्गापुढे उभं राहिल्यावर किती आठवलं? बहुतेक जण हसतील. कॉलेजवाले म्हणतात शाळांना नवीन काही नको असतं, शाळावाले म्हणतात कॉलेजवाल्यांनी वर्ग कधी बघितलाय? मधल्या मधे अडकतो तो नवा शिक्षक.

हे भांडण आजचं नाही आणि फक्त आपल्याकडचंही नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात ते अगदी जोरात चाललेलं. एका बाजूला नवंकोरं, पैशाने गब्बर शिकागो विद्यापीठ. दुसऱ्या बाजूला शहराचं शाळा मंडळ आणि त्याच्या हजारो शिक्षिका. या दोघांच्या मधे एक बाई उभी होती. तिने आयुष्यभर दोन्ही बाजूंना नोकरी केली आणि दोन्हीकडे राजीनामा दिला.

नाव एला फ्लॅग यंग.

आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. पण बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक जॉन ड्यूई बऱ्याच जणांना माहीत असतात. लोकशाही ही मतपेटीपुरती नसते, ती माणसांनी एकत्र जगायची पद्धत आहे, हा विचार मांडणारे ते ड्यूई. शाळेबद्दल आपल्याला जे कळलं त्यातलं सगळ्यात जास्त एला यंग यांच्याकडून कळलं, हे या ड्यूईंनी स्वतः कबूल केलेलं आहे. गंमत अशी की कागदोपत्री ड्यूई त्यांचे गुरू होते आणि यंगबाई त्यांच्या विद्यार्थिनी. त्यातही विद्यार्थिनी गुरूपेक्षा चौदा वर्षांनी मोठी.

आता गोष्ट पहिल्यापासून.

एलाचा जन्म १५ जानेवारी १८४५ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. वडील थिओडोर फ्लॅग पत्र्याचं काम करणारे कारागीर. त्यांची स्वतःची शाळा लहानपणीच सुटलेली, पण वाचनाचा नाद दांडगा. एला तब्येतीने नाजूक, त्यामुळे तिला शाळेतच घातलं नाही. आईने तिला मोकळ्या हवेत, बागेत ठेवलं. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत तिला वाचता येत नव्हतं.

एक दिवस आईने वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली. एका शाळेला आग लागली होती आणि त्यात माणसं गेली होती. ती बातमी पोरीच्या मनातून जाईना. तिने तो कागद घेतला, ऐकलेलं आठवत एकेक शब्द लावत बसली आणि अशीच वाचायला शिकली. आपलं आपण शिकलेली ही मुलगी पुढे शिकवायचं कसं हे शिकवण्यात आयुष्य घालवणार होती.

१८५८ मध्ये हे कुटुंब शिकागोला आलं. एला तेरा वर्षांची. बफेलोत मधल्या काळात तिची प्राथमिक शाळा झालेली, आता हायस्कूलात जायचं. पण नियम आडवा आला. शिकागोच्या शाळेत आधी वर्षभर शिकलेलं असल्याशिवाय शिकागोच्या हायस्कूलात प्रवेश नाही. म्हणून ती पुन्हा खालच्या शाळेत जाऊन बसली. सगळं आधीच येत होतं. कंटाळली आणि शाळा सोडून दिली.

१८६० मध्ये ती शिक्षकाच्या परीक्षेला बसली आणि पास झाली. पण वय होतं पंधरा. एवढ्या लहान मुलीला वर्ग कोण देणार? तेव्हाचे शाळाप्रमुख विल्यम वेल्स यांनी तिला सुचवलं की नॉर्मल स्कूलला जा. नॉर्मल स्कूल म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, ज्याला आपल्याकडे पुढे ट्रेनिंग कॉलेज म्हणायला लागले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यातही हे नाव ओळखीचं होतं. शिकागोत १८५६ पासून हायस्कूलाला जोडून असा एक विभाग सुरू झालेला.

घरून विरोध झाला, तो आईचा. कारणही ऐकण्यासारखं आहे. मुलगी बाहेर पडेल, लोक काय म्हणतील, असलं काही तिच्या मनात नव्हतं. एला लहान मुलांमध्ये वाढलेली नाही, तिला त्यांची सवय नाही, ती कडक आणि कोरडी मास्तरीण होईल आणि पोरांचे हाल होतील, अशी आईला भीती होती. मास्तरीण होण्याआधी माणूस त्या कामाला लायक आहे का ते बघा, हा मुद्दा त्या बाईला १८६० मध्ये सुचला होता.

एलाने वाद घातला नाही. तिने ओळखीच्या एका शिक्षिकेच्या वर्गात जाऊन बसायला सुरुवात केली. बघायचं, जमेल तसं शिकवायचं, आपल्याला हे आवडतंय का आणि जमतंय का ते तपासायचं. नॉर्मल स्कूलात तेव्हा सराव पाठ नावाचा प्रकारच नव्हता. पुस्तकं शिकवायची, परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र देऊन वर्गात सोडून द्यायचं. एलाने स्वतःपुरती त्याची सोय करून घेतली.

१८६२ मध्ये, सतराव्या वर्षी, तिला पहिली नोकरी लागली. थोड्याच दिवसांत तिच्या वाट्याला एक नामांकित वर्ग आला. शहराच्या कडेला गुरं वळणारी दांडगी पोरं, त्यातली काही तर बाईंपेक्षाही वयाने मोठी. तिने तो वर्ग सांभाळला. पुढच्याच वर्षी ती ब्राउन स्कूलची उपमुख्याध्यापिका झाली.

मग १८६५ साल उजाडलं. शिकागोने पहिल्यांदा ठरवलं की नॉर्मल स्कूलच्या विद्यार्थिनींनी नोकरीआधी खऱ्या वर्गात शिकवून बघायचं. त्यासाठी शहराच्या स्कॅमन स्कूलमध्ये सराव शाळा काढली. तिच्या प्रमुखपदी नेमलं एलाला. वय वर्षं वीस.

ही सराव शाळा म्हणजे नक्की काय, ते जरा थांबून बघू. पोरं खरी, शाळा शहराची, अभ्यासक्रम नेहमीचा. फळ्यापुढे मात्र शिकाऊ शिक्षिका. मागे अनुभवी शिक्षिका बसलेली, नंतर ती सांगणार की कुठे चुकलं. ऐकायला सोपं आहे. पण यात एकाच वेळी दोन मालक असतात. शाळेला हवं असतं की पोरांचं नुकसान होऊ नये, आणि प्रशिक्षण देणाऱ्यांना हवं असतं की नवख्या मुलीला चुकायला जागा मिळावी. दोन्ही बरोबर. हे दोन्ही एका तासात बसवायचं काम विसाव्या वर्षी एलाच्या गळ्यात पडलं.

१८६८ मध्ये तिचं लग्न झालं. नवरा विल्यम यंग, व्यापारी, तब्येतीने खचलेला. १८७३ मध्ये तो वारला. मूलबाळ नव्हतं. त्याच दहा-बारा वर्षांत माहेरची माणसंही एकामागून एक गेली. मधेच १८७१ मध्ये शिकागोची ती प्रसिद्ध आग लागून शहराचा मोठा भाग जळून गेला. तिशीच्या आत एला यंग एकट्या उरल्या. इथून पुढे त्यांना यंगबाई म्हणू, कारण शिकागोच्या शिक्षिकांसाठी त्या बाईच होत्या.

१८७७ मध्ये शाळा मंडळाने नॉर्मल स्कूल बंद करून टाकलं. शिक्षक गरजेपेक्षा जास्त झालेत, पैसे वाचवा, असा हिशोब. मग नवीन शिक्षक कुठून आणायचे? हायस्कूल झालेल्या मुली थेट शाळेत उमेदवार म्हणून घ्यायच्या. काम करता करता शिकतील. पण शिकवणार कोण, त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. बाकी सगळं शाळेच्या मुख्याध्यापकावर. मुख्याध्यापक चांगला असेल तर मुलगी घडली, नसेल तर गेली वाया.

यंगबाई या काळात आधी स्कॅमन आणि मग स्किनर शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. म्हणजे उमेदवार मुलींना वर्गात उभं करणं हे आता त्यांच्याच माथी होतं. १८८७ मध्ये त्या शहराच्या सहायक अधीक्षक झाल्या. आपल्याकडच्या भाषेत शिक्षणाधिकाऱ्यांच्या हाताखालचं मोठं पद. बारा वर्षं त्या तिथे होत्या.

या बारा वर्षांत शहर कसं वाढत होतं बघा. १८६० मध्ये शिकागोची वस्ती होती १ लाख १२ हजार. १९१० मध्ये ती झाली जवळपास २२ लाख. जर्मन, आयरिश, पोलिश, इटालियन, बोहेमियन, रशियातून आलेले ज्यू. वर्गात बसलेल्या निम्म्या पोरांच्या घरी इंग्रजी नाही. शाळा पुरत नव्हत्या, शिक्षिका पुरत नव्हत्या आणि वर तपासणी अधिकाऱ्यांची फौज. काय शिकवायचं, कुठल्या पानापर्यंत शिकवायचं, सगळं वरून ठरून यायचं.

यंगबाईंनी आपल्या हाताखालच्या भागात वेगळं काही करून बघितलं. शिक्षिकांच्या बैठका घ्यायला सुरुवात केली. त्यात अभ्यासक्रमाबद्दल शिक्षिकांनीच बोलायचं, बाईंनी ऐकायचं. अधिकाऱ्याने ऐकायचं, ही त्या काळात नवलाई होती. आजही फार जुनी झालेली नाही म्हणा.

इकडे १८९२ मध्ये रॉकफेलरच्या पैशावर शिकागो विद्यापीठ सुरू झालं. अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर, महत्त्वाकांक्षी माणूस. त्यांनी १८९४ मध्ये जॉन ड्यूईंना बोलावून घेतलं. ड्यूई तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पण डोक्यात शाळा. १८९६ च्या जानेवारीत त्यांनी विद्यापीठात स्वतःची शाळा काढली. १६ मुलं आणि २ शिक्षक. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, तशी शिक्षणशास्त्राला शाळा लागते, अशी त्यांची मांडणी.

त्याआधीच, १८९५ मध्ये, ड्यूईंच्या वर्गात एक पन्नास वर्षांची विद्यार्थिनी येऊन बसली होती. पूर्णवेळ नोकरी, शहरातल्या कितीतरी शाळांची जबाबदारी, तेहतीस वर्षांचा अनुभव, आणि पदवी एकही नाही. यंगबाई.

या दोघांचं नातं भारी होतं. ड्यूई एखादा विचार मांडायचे. यंगबाई सांगायच्या की तो खरा मानला तर सोमवारी सकाळी वर्गात काय बदलावं लागेल, आणि कुठे तो आपटेल. मुलाला स्वातंत्र्य द्या म्हणणं सोपं आहे, पण शिक्षिकेलाच स्वातंत्र्य नसेल तर ती ते देणार कुठून? आपल्याच विचारांचा अर्थ यंगबाईंमुळे आपल्याला कळला, असं ड्यूई नंतर सांगत.

आता गोष्टीतला मोठा पेच येतो.

१८९८ मध्ये शिकागोच्या महापौरांनी शाळांची व्यवस्था सुधारण्यासाठी एक आयोग नेमला. अध्यक्ष कोण? तर विद्यापीठाचे हार्पर. आयोगाच्या शिफारशी पुढच्या वर्षी आल्या. शाळाप्रमुखाला जास्त अधिकार द्या. कॉलेजात शिकलेल्यांना शिक्षक म्हणून प्राधान्य द्या. पुरुष शिक्षक वाढवा, आणि ते यावेत म्हणून त्यांना जास्त पगार द्या.

वरवर बघितलं तर विद्यापीठ शाळांना मदतच करत होतं. चांगले शिक्षक यावेत, त्यांचं शिक्षण वाढावं, यात वाईट काय? पण हे शिक्षिकांच्या जागी बसून वाचा. प्राथमिक शिक्षिका बहुतांश कामगारांच्या आणि स्थलांतरितांच्या मुली. कॉलेज त्यांना परवडलेलंच नव्हतं. पगार वर्षानुवर्षं वाढलेला नाही. आणि आता विद्यापीठाचा अध्यक्ष सांगतोय की तुमच्यात कमी आहे, तुमच्या जागी आमच्याकडचे पदवीधर घ्या, त्यातही पुरुष घ्या आणि त्यांना जास्त पैसे द्या.

भडका उडाला. १८९७ मध्येच शिक्षिकांनी शिकागो टीचर्स फेडरेशन ही संघटना काढली होती. मार्गारेट हेली आणि कॅथरीन गॉगिन या तिच्या पुढारी. या बायका काय चीज होत्या ते सांगायचं तर एकच गोष्ट पुरे. मंडळाने पगारवाढीला पैसे नाहीत म्हटल्यावर त्यांनी शहराचे करांचे कागद उपसले, बड्या कंपन्या कर भरत नाहीत हे शोधून काढलं आणि थेट कोर्टात जाऊन खटला जिंकला. त्यांनी हार्परच्या शिफारशींवर आधारलेलं विधेयकही हाणून पाडलं.

यंगबाई कुठे होत्या? त्यांची अडचण अशी की दोन्हीकडचं थोडं थोडं त्यांना पटत होतं. शिक्षिकांनी जास्त शिकावं, हे त्यांचं स्वतःचं म्हणणं. पन्नाशीत त्या स्वतः विद्यापीठात जाऊन बसल्या होत्या. पण वरून हुकूम सोडून शिक्षक सुधारतो, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. नवे शाळाप्रमुख बेंजामिन अँड्र्यूज हुकूमशाहीने वागत होते. १८९९ मध्ये यंगबाईंनी राजीनामा दिला. शिक्षिकांनी विनवण्या केल्या, त्या बधल्या नाहीत.

हार्परनी लगेच त्यांना विद्यापीठात बोलावलं. १९०० मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ड्यूईंच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. पदवी नसलेल्या बाई थेट डॉक्टर झाल्या आणि तिथेच शिकवायला लागल्या.

त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शाळेतला एकाकीपणा. इथे एकटं पडलेल्या मुलाबद्दल काही नाही. शिक्षणव्यवस्थेचे तुकडे एकमेकांपासून कसे तुटले आहेत, याबद्दल आहे. प्राथमिक शाळेला हायस्कूलचं काही माहीत नाही, हायस्कूलला नॉर्मल स्कूलचं नाही, विद्यापीठ तर वेगळ्याच जगात. प्रत्येक जण खालच्याला हुकूम देतो आणि वरच्याचा हुकूम झेलतो. सगळ्यात खाली शिक्षिका. तिची अवस्था कारखान्यातल्या कामगारासारखी. कुणीतरी ठरवलेला माल कुणीतरी ठरवलेल्या वेगाने पुढे सरकवायचा. जिला स्वतः विचार करायची मुभा नाही ती पोरांना विचार करायला शिकवणार कशी, हा त्यांचा सवाल होता. आणि त्यामागे अडतीस वर्षांची नोकरी होती, म्हणून त्याला वजन होतं.

१९०१ मध्ये यंगबाई ड्यूईंच्या शाळेत अध्यापनावर देखरेख करू लागल्या. ही शाळा आता वाढत होती, १९०२ च्या सुमारास तिथे १४० मुलं आणि २३ शिक्षक होते. शिक्षकांच्या नियमित बैठका व्हायच्या आणि काय जमलं, काय फसलं हे उघडपणे बोललं जायचं. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं ही यंगबाईंची जुनी सवय विद्यापीठात रुजली.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. ड्यूईंची शाळा अर्ध्याहून जास्त प्राध्यापकांच्या आणि सुशिक्षित घरांतल्या मुलांची होती. सहा-सात मुलांमागे एक शिक्षक. शहराच्या शाळेत एका शिक्षिकेपुढे पन्नास-साठ. प्रयोगशाळेत उगवलेलं रोप बाहेरच्या जमिनीत लावायचं कसं, याचं उत्तर त्या शाळेने दिलं नाही. ते द्यायला यंगबाईंना पुन्हा शहरात यावं लागलं.

आणि त्या आल्या, पण भांडणातून. १९०१ मध्ये फ्रान्सिस पार्कर या दुसऱ्या एका नावाजलेल्या शिक्षणतज्ज्ञाची संस्था विद्यापीठात विलीन झाली. एकाच आवारात दोन प्राथमिक शाळा, दोन गट, दोन पद्धती. १९०२ मध्ये पार्कर वारले. दोन्ही शाळा एकत्र केल्यावर ड्यूईंच्या पत्नी ॲलिस मुख्याध्यापिका झाल्या, आणि पार्करच्या माणसांना ते पटलं नाही. हार्परनी ॲलिसची नेमणूक तात्पुरती असल्याचं सांगितलं. १९०४ मध्ये ड्यूईंनी राजीनामा दिला. यंगबाईंनीही दिला. एका चांगल्या प्रयोगाचा शेवट विचारांच्या वादाने झाला असता तर बरं वाटलं असतं, पण तो झाला नेमणुकीच्या भांडणाने. ड्यूई न्यूयॉर्कला कोलंबियात गेले. तिथे नऊ वर्षांनी साताऱ्यात शिकलेला, मुंबईत बी.ए. झालेला एक तरुण येणार होता.

यंगबाई युरोपात जाऊन आल्या आणि १९०५ मध्ये शिकागो नॉर्मल स्कूलच्या प्राचार्य झाल्या. ही संस्था मूळची जिल्ह्याची, पार्करनी नावारूपाला आणलेली. १८९६ मध्ये ती शहराच्या शाळा मंडळाकडे आली. म्हणजे आता शिक्षक तयार करणारी संस्था आणि त्यांना नोकरी देणारं मंडळ एकच झालं. संस्थेला शहराच्या शाळा सराव शाळा म्हणून जोडलेल्या. चाळीस वर्षांपूर्वी स्कॅमन स्कूलमध्ये सुरू झालेलं काम आता सगळ्या शहरासाठी. फरक एवढाच की आता ते चालवणाऱ्या बाईंनी मंडळ, शाळा आणि विद्यापीठ तिन्ही आतून बघितलेलं होतं.

१९०९ मध्ये शाळाप्रमुखाची जागा रिकामी झाली. मंडळाने महिनोन्महिने उमेदवार चाळले. जुलैमध्ये निवड झाली यंगबाईंची. वय चौसष्ट. पगार वर्षाला १० हजार डॉलर. अमेरिकेतल्या कुठल्याही मोठ्या शहराच्या शाळांची प्रमुख एक बाई, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांच्या हाताखाली सुमारे ६ हजार शिक्षक होते. आणि या बाईंना बहुतेक निवडणुकांमध्ये मत द्यायचा अधिकार नव्हता.

त्यांनी आल्या आल्या शिक्षिकांना गुप्तपणे गुण देण्याची पद्धत बंद केली. आधी असं होतं की वरिष्ठ तुमच्या कामाला गुण देणार, त्यावर तुमची बढती ठरणार, आणि गुण किती ते तुम्हाला कळणारच नाही. मग शिक्षकांच्या परिषदा सगळ्या शहरात सुरू केल्या. अभ्यासक्रमात हातकामाला, धंदेशिक्षणाला जागा दिली. १९१० मध्ये त्या राष्ट्रीय शिक्षक संघटनेच्या, म्हणजे नॅशनल एज्युकेशन असोसिएशनच्या अध्यक्ष झाल्या. निवड समितीने भलत्याच माणसाचं नाव पुढे केलेलं, पण सभागृहातल्या शिक्षिकांनी यंगबाईंचं नाव सुचवलं आणि त्यांना निवडून आणलं. त्या संघटनेची ती पहिली महिला अध्यक्ष.

१९१३ हे वर्ष मात्र अवघड गेलं. यंगबाईंनी हायस्कूलातल्या मुलामुलींना डॉक्टरांकडून शरीराबद्दल, लैंगिक आरोग्याबद्दल माहिती द्यायची व्याख्यानं सुरू केली. इतक्या मोठ्या शहरात हे कुणी केलं नव्हतं. गदारोळ झाला. मंडळातले काही सदस्य आधीपासूनच दुखावलेले होते. डिसेंबरमध्ये मंडळाने मतदान करून त्यांच्या जागी जॉन शूप यांना बसवलं.

पण त्याच वर्षी जूनमध्ये इलिनॉय राज्यात बायकांना बऱ्याच निवडणुकांमध्ये मताचा अधिकार मिळाला होता. शिक्षिका, महिला मंडळं, आया रस्त्यावर उतरल्या. सभा झाल्या. महापौर कार्टर हॅरिसन राजकारणी माणूस, त्यांना हवा कळली. मंडळातल्या ज्या सदस्यांचे राजीनामे त्यांच्या हातात होते ते त्यांनी मंजूर करून टाकले, नवे सदस्य नेमले आणि नाताळच्या आधी यंगबाई पुन्हा आपल्या खुर्चीत होत्या.

दोन वर्षांनी, १९१५ च्या अखेरीस, सत्तर वर्षांच्या असताना त्या निवृत्त झाल्या. जाता जाता त्यांना आणखी एक गोष्ट बघावी लागली. मंडळाचे अध्यक्ष जेकब लोब यांनी नियम काढला होता की शिक्षिकांना फेडरेशनचं सदस्य राहता येणार नाही. १९१६ मध्ये ६८ शिक्षकांना पुन्हा नेमणूक दिली नाही, त्यात फेडरेशनच्या पुढारी होत्या. ज्या शिक्षिकांना बोलायला शिकवण्यात बाईंची पन्नास वर्षं गेली, त्यांची तोंडं बंद करायला नवी मंडळी लागली होती. त्याच १९१६ मध्ये ड्यूईंचं लोकशाही आणि शिक्षण यावरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. बाबासाहेब त्याच वर्षी न्यूयॉर्क सोडून लंडनला निघाले. ते पुस्तक पुढे त्यांनी खुणा करून करून वाचलं.

यंगबाई निवृत्तीत स्वस्थ बसल्या नाहीत. पहिलं महायुद्ध चालू होतं. सरकारी कर्जरोखे विकण्याच्या मोहिमेत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्या देशभर फिरत होत्या. १९१८ च्या शरदात जगभर इन्फ्लुएंझाची साथ पसरलेली होती. प्रवासात त्यांना गाठलं. २६ ऑक्टोबर १९१८ ला वॉशिंग्टनमध्ये त्या गेल्या.

त्यांनी चालवलेलं नॉर्मल स्कूल आज शिकागो स्टेट युनिव्हर्सिटी आहे. ड्यूईंची शाळा विद्यापीठाच्या आवारात अजून भरते, तिथे आजही बरीच मुलं प्राध्यापकांची. २००१ मध्ये शिकागोतच एक नवी योजना सुरू झाली, ज्यात होऊ घातलेला शिक्षक वर्षभर शहराच्या शाळेत अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काम करतो आणि जोडीला विद्यापीठाचे वर्ग करतो. डॉक्टर जसे रेसिडेन्सी करतात तसं, म्हणून तिला टीचर रेसिडेन्सी म्हणतात. आपल्याकडे २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात २० आठवड्यांची इंटर्नशिप आली. त्यातले किती आठवडे खरोखर शिकवण्यात जातात आणि किती पाठ टाचणांच्या वह्या रंगवण्यात, ते ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक.

शिकागोच्या पश्चिमेला ऑस्टिन नावाची वस्ती आहे. तिथे शहराची एक प्राथमिक शाळा आहे, एला फ्लॅग यंग स्कूल.